बीएमडब्ल्यू ई३६ कूपे ट्रॅकसाठी तयार करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, मिशिगन, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी राहणारी बरीच मराठी मंडळी शनिवार-रविवार गाडी ट्रॅकवर काढतात. जुनी दोन दारी बीएमडब्ल्यू घेऊन तिची हळूहळू स्पर्धेची गाडी करायची, हा त्यातला लोकप्रिय मार्ग. अशा वेळी तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पुढची उत्तरं अमेरिकेत विकल्या गेलेल्या १९९२ ते १९९९च्या ई३६ कूपेबद्दल (म्हणजे दोन दारी) आहेत. ई३६ हे बीएमडब्ल्यूच्या ३ मालिकेतल्या या पिढीचं सांकेतिक नाव.

इतक्या गाड्या असताना ई३६च का?

पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळपास सारखं वजन, मागच्या चाकांना ताकद, सरळ सहा सिलिंडरचं दणकट इंजिन आणि साधारण १४०० किलो वजन. शिवाय बॉनेट उघडल्यावर हात घालायला जागा आहे. सुटे भाग अजून मिळतात आणि तिच्यात काय, कसं आणि का तुटतं हे आता सगळ्यांना पाठ झालंय. जुन्या गाडीच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा. अनोळखी दोषापेक्षा ओळखीचे दहा दोष परवडतात.

३२५, ३२८ की एम३?

३२५आयएस (१९९२ ते १९९५): अडीच लिटरचं एम५० इंजिन, १८९ अश्वशक्ती. १९९३पासून त्यात व्हॅनोस (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) आलं. वायरिंग सोपं, कॉम्प्युटर जुन्या पद्धतीचा.

३२८आयएस (१९९६ ते १९९९): २.८ लिटर, १९० अश्वशक्ती. आकडा तोच दिसतो, पण कमी आरपीएमवरचा टॉर्क (ओढायची ताकद) बराच जास्त आहे. युरोपातल्या एम५२ इंजिनाच्या अॅल्युमिनियम ब्लॉकचं आणि सिलिंडरच्या आतल्या निकासिल मुलाम्याचं दुखणं तुम्ही वाचलं असेल, तर घाबरू नका. अमेरिकेत बिडाचा ब्लॉक आला होता.

एम३ (१९९५ ते १९९९): आधी ३.० आणि १९९६पासून ३.२ लिटर, दोन्ही २४० अश्वशक्ती. मोठे ब्रेक आणि कंपनीचं लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एकच चाक नुसतं फिरू न देता दोन्हींना जोर देणारं) आयतं मिळतं. पण चांगल्या एम३च्या किमती आता इतक्या वर गेल्यात, की तिचा पत्रा कापून केज (आतला स्टीलच्या नळ्यांचा सुरक्षा पिंजरा) बसवताना हात थरथरतो. पहिल्याच गाडीसाठी आमचं मत सरळ ३२५ किंवा ३२८. ठोकली तरी झोप उडणार नाही अशीच गाडी ट्रॅकवर न्यावी.

३१८आयएस हलकी आहे, शिकायला झकास आहे. फक्त लांब सरळ रस्त्यावर मागच्यांना वाट करून देत राहायची तयारी ठेवा.

विकत घेताना नेमकं कुठे बघायचं?

इंजिन शेवटी बघा. इंजिन दुसरं मिळतं, पत्रा मिळत नाही. गाडी लिफ्टवर चढवा, टॉर्च आणि वायर ब्रश हाताशी ठेवा आणि या क्रमाने बघा.

मागची सबफ्रेम (सस्पेन्शन ज्यावर बसतं ती चौकट) जिथे बॉडीला बसते त्या जागा: तिथल्या अंडरकोटिंगमध्ये केसासारखी रेघ दिसली तर ब्रशने घासा. रेघ पत्र्यात उतरलेली असली तर तो तडा आहे.

मागच्या ट्रेलिंग आर्मच्या (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशचे, म्हणजे रबरी जोडाचे, खिसे: दोन्ही बाजूंना, मागच्या चाकाच्या पुढे. बोल्टच्या भोवतीचा पत्रा ओढला जाऊन फाटतो.

डिफरेन्शियल ज्या कानांवर लटकतं ते सबफ्रेमचे कान, आणि मागच्या शॉकअब्झॉर्बरचं वरचं माउंट. हे दुसरं डिकीतलं कार्पेट उचलल्याशिवाय दिसत नाही.

पुढे स्ट्रट टॉवर (पुढचं सस्पेन्शन वरून जिथे बसतं तो उंचवटा): बॉनेट उघडून टॉवरच्या माथ्यावर सरळ पट्टी ठेवा. माथा फुगून वर आला असेल तर पट्टी डुलते.

पुढची सबफ्रेम: इंजिन माउंटच्या आणि कंट्रोल आर्मच्या जागेवरचं वेल्डिंग बघा.

गंजासाठी जॅक लावायच्या जागा, दाराखालची पट्टी, मागच्या चाकांच्या कमानी आणि डिकीतली बॅटरीची जागा. सनरूफच्या नळ्या तुंबल्या की पाणी कुठेही साचतं. मिशिगनची गाडी म्हणजे मिठाच्या रस्त्यावर वाढलेली गाडी. कॅलिफोर्नियातून किंवा दक्षिणेकडून ट्रकने मागवली तरी वाहतुकीचा खर्च वेल्डिंगच्या बिलापेक्षा कमीच पडतो.

तडा दिसला म्हणजे सौदा मोडायलाच हवा असं नाही. या सगळ्या जागांसाठी तयार मजबुतीच्या पट्ट्या मिळतात. सबफ्रेम उतरवायची, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडायचं म्हणजे तो पुढे पळत नाही. मग वेल्ड करून वर पट्टी मारायची. त्याआधी पेट्रोलची टाकी आणि नळ्या बाजूला काढा, बॅटरी सोडा आणि बुश काढून ठेवा. रबर जळालं तर नवं काम पुन्हा खोलावं लागतं.

आधी गाडी करायची की आधी स्पर्धा ठरवायची?

आधी नियमपुस्तक. याच एका गोष्टीत लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात.

स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था १९४४ची. तिच्या ऑटोक्रॉसमध्ये पार्किंगच्या मैदानात शंकू मांडून एकेक गाडी सोडतात. खर्च सगळ्यात कमी आणि शिकायला सगळ्यात जास्त. नासा (अंतराळवाली नव्हे, नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन) ट्रॅकवर ड्रायव्हिंग शिकवण्यापासून रेसपर्यंत पायऱ्या चढवते. सुरुवातीच्या गटात शेजारी प्रशिक्षक बसतो आणि पुढच्याने हात दाखवल्याशिवाय ओव्हरटेक करता येत नाही. बीएमडब्ल्यूच्या अमेरिकेतल्या क्लबचेही ट्रॅकवरचे दिवस आणि रेस असतात.

नासाच्या जर्मन टूरिंग सिरीजमध्ये ई३६ भरपूर दिसतात. तिथे गट ठरतो वजन भागिले अश्वशक्ती या गणिताने. म्हणजे २० अश्वशक्ती वाढवल्या की तुम्ही जिंकायला लागत नाही, वरच्या गटात तळाला जाता. ऑटोक्रॉसमध्ये उलट, एक बुश बदलला तरी गट बदलू शकतो. गट ठरला की कुठल्या भागाला हात लावायचा आणि कुठल्याला नाही, हे आपोआप ठरतं.

पहिल्या वर्षी पैसे कशावर घालायचे?

या क्रमाने: कूलिंग, ब्रेक, झिजलेलं रबर (बुश, माउंट, होस), सीट आणि बेल्ट, टायर, अलाइनमेंट. जे उरेल ते ट्रॅकच्या फीला आणि पेट्रोलला. यादीत इंजिनाची पॉवर दिसत नाही, ती छापायची राहून गेलेली नाही. पंचवीस-तीस वर्षांची ही गाडी अश्वशक्ती कमी पडली म्हणून घरी ट्रकवर येत नाही. दोन-चार डॉलरचं प्लास्टिक तुटलं म्हणून येते.

ई३६ गरम होते म्हणतात, ते खरं का?

कूलिंगचे मूळ भाग अजून बसवलेले असतील तर खरं आहे. रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकलेलं प्लास्टिक ट्रॅकवर वीस मिनिटांत तुटतं, कारण दाब आणि उष्णता दोन्ही सतत वरच राहतात. एकदाच सगळं बदला:

वॉटर पंप: प्लास्टिकच्या पंख्याचा असेल तर धातूच्या पंख्याचा. प्लास्टिकचा पंखा शाफ्टवर नुसता फिरतो किंवा तुकडे होऊन ब्लॉकमध्ये जातो.

थर्मोस्टॅटचं घर: प्लास्टिकऐवजी अॅल्युमिनियमचं, नव्या थर्मोस्टॅटसकट.

रेडिएटर: वरच्या होसची प्लास्टिकची मान तुटते. होस काढताना ती बोटांनी दाबून बघा. चुरा हाताला लागला तर दिवस भरले. पूर्ण अॅल्युमिनियमचा रेडिएटर उत्तम, नाहीतर किमान नवा.

शेजारची टाकी, झाकण, सगळे होस, बेल्ट आणि पुली.

इंजिनावरचा पंखा: जुन्या क्लचचा आणि जुन्या प्लास्टिकचा पंखा जोरात फिरताना फुटतो आणि रेडिएटर, होस, कधी बॉनेटही घेऊन जातो. तो काढून समोर १६ इंची इलेक्ट्रिक पंखा लावा. पंख्याच्या क्लचचा नट ३२ मिमीचा आहे आणि त्याला उलटे आटे आहेत. घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे विसरून जोर लावणाऱ्याचा वॉटर पंप सुटतो, नट सुटत नाही.

रेडिएटरभोवतीच्या फटी फोम आणि पत्र्याने बंद करा. हवेला आडवाटेने जायला जागा मिळाली तर ती रेडिएटरमधून कशाला जाईल?

रेडिएटरचं पाणी भरताना गाडीचं नाक उंच ठेवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, टाकीजवळचा एअर काढायचा स्क्रू उघडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत सावकाश ओता. तो स्क्रूही प्लास्टिकचा आहे, आवळताना बोटांची ताकद पुरते. रेसमध्ये बहुतेक ठिकाणी ग्लायकॉल चालत नाही, कारण ते ट्रॅकवर सांडलं तर साबणासारखं निसरडं होतं. तिथे डिस्टिल्ड पाणी आणि गंज रोखणारं अॅडिटिव्ह वापरतात. पण थंडीत गॅरेज गोठतं अशा गावी राहत असाल तर हंगाम संपताच ते काढून अँटिफ्रीझ भरायला विसरू नका. नुसतं पाणी गोठलं तर ब्लॉकच फुटतो.

तापमानाचा काटा अगदी मध्यावर आहे, मग काळजी कशाला?

कारण हा काटा मुद्दाम खोटं बोलतो. साधारण ७५ ते ११५ अंशांच्या मधे काहीही असलं तरी तो मध्यावरच उभा राहतो, गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून. तो हलायला लागतो तेव्हा इंजिनाचं सिलिंडर हेड वाकायला सुरुवात झालेली असते. पाणी आणि ऑइल दोन्हींसाठी आकडे दाखवणारे वेगळे गेज लावा, सोबत ऑइल प्रेशरचा. १०५च्या वर पाणी गेलं की वेग कमी करा, ११०ला बाहेर या. आणि इंजिन लगेच बंद करू नका, पंप फिरत राहू दे.

ऑइल पंपच्या नटची भानगड काय आहे?

या घराण्यातल्या सहा सिलिंडरच्या इंजिनांत ऑइल पंपाचं चक्र एका नटने धरलेलं असतं. एम१० बाय १, उलटे आटे, २५ न्यूटन-मीटर. इंजिन वरच्या आरपीएमवर बराच वेळ फिरलं, एखादा गिअर चुकला, की कंपनांनी नट सैल होतो. चक्र शाफ्टवरून निसटलं की पंप थांबतो. प्रेशर शून्य, आणि काही सेकंदांत बेअरिंग जळतात. पूर्वसूचना कधीकधी पुढच्या बाजूने साखळीच्या खडखडाटासारखी येते, बऱ्याचदा येतच नाही.

उपाय स्वस्त आहे, मेहनत महाग. चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवण्यासाठी इंजिन वरून आडव्या बारने टांगावं लागतं, स्टिअरिंगचा जोड सोडावा लागतो आणि पुढची सबफ्रेम खाली घ्यावी लागते. एवढं खोललंच आहे तर ही सगळी कामं एकदम करा:

१. नट काढा, आटे ब्रेक क्लीनरने धुवा. घट्ट पकडीचं थ्रेडलॉक लावून २५ न्यूटन-मीटरने आवळा. नटला भोक पाडून चक्राला सेफ्टी वायरने बांधला तर सोन्याहून पिवळं. वायर अशी ओढा की नट सुटण्याच्या दिशेला ती ताणली जाईल. इथे आटे उलटे असल्याने ही दिशाही नेहमीच्या उलट येते आणि निम्मे लोक इथेच चुकतात.

२. चेंबरमध्ये बॅफल (ऑइल अडवणारे आडवे पत्रे) वेल्ड करा किंवा तयार बॅफल बसवा. लांब वळणात ऑइल एका कडेला चढतं आणि पंपाचं तोंड हवा ओढतं.

३. कनेक्टिंग रॉडचे एक-दोन बेअरिंग उघडून बघा. तांबूस रंग दिसला तर सगळेच बदला.

४. इंजिन माउंट नवे आणि चेंबरचं गॅस्केट नवं.

५. पुढच्या सबफ्रेमची मजबुती याच वेळी वेल्ड करा. ती हातात आलेलीच आहे.

ऑइल गाळणीसकट सुमारे ६.५ लिटर बसतं. ट्रॅकच्या दिवशी पट्टीवर वरच्या खुणेपर्यंत भरा आणि प्रत्येक सेशननंतर बघा. गरम इंजिनात दर १००० आरपीएमला ०.७ बार हा जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे.

ब्रेक पेडल तिसऱ्या फेरीला खाली का जातं?

दोन कारणं असतात आणि दोन्हींचा उपाय वेगळा.

पेडल स्पंजासारखं होऊन खाली जातं, दोनदा दाबलं की परत वर येतं: ऑइल उकळलंय. साधं डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळायला हवं, पाणी शोषलेलं असेल तर ती हद्द १५५पर्यंत घसरते. ट्रॅकवरच्या कॅलिपरमध्ये १५५ काहीच नाही. ३०० अंशांच्या वरचं रेसिंग ऑइल वापरा आणि प्रत्येक इव्हेंटच्या आधी एअर काढा. क्रम: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. उघडलेली बाटली पुढच्या महिन्यासाठी जपून ठेवू नका, ती हवेतलं पाणी पितच असते.

पेडल दगडासारखं घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही: पॅड त्यांच्या तापमानाच्या बाहेर गेलेत. रस्त्याचे पॅड ट्रॅकवर काचेसारखे होतात. ट्रॅकचे पॅड घ्या आणि पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे डिस्कवर बसवून घ्या. जुन्या पॅडचा थर असलेल्या डिस्कवर नवे पॅड बसवले की स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच डिस्क वाकली म्हणतात.

३२५च्या पुढच्या डिस्क २८६ बाय २२ मिमी, एम३च्या ३१५ बाय २८. पण आधी डिस्कमागचे पत्र्याचे आडोसे काढून बंपरमधून ७५ मिमीचा होस डिस्कच्या मध्यापर्यंत न्या. हवा मध्यातून शिरून पाकळ्यांतून बाहेर पडली पाहिजे. डिस्कच्या एकाच तोंडावर मारली तर ती शंकूसारखी होते. कॅलिपरच्या रबरी गाइड बुशच्या जागी पितळी बुश घातले की पॅड तिरके झिजत नाहीत. होस स्टीलच्या जाळीचे घ्या. एवढं केलं की २८६च्या डिस्कवर हलकी ३२५ आरामात चालते.

आणि पिट्समध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. गिअरमध्ये ठेवा, चाकाला अडण लावा.

स्प्रिंग, शॉक, अलाइनमेंटचे आकडे सांगा.

आधी रबर. मागच्या ट्रेलिंग आर्मचे बुश गेले असतील तर वळणात एक्सलरेटर सोडताच मागची चाकं स्वतःच दिशा बदलतात आणि गाडी मागून निसटते. त्याला लोक शॉकचा दोष समजून दोन हजार डॉलर घालवतात. नवे बुश आणि दोन्ही बाजूंना लिमिटर, किंवा पॉलियुरेथेन. पुढच्या कंट्रोल आर्मचे लॉलीपॉप बुशही त्याच दिवशी.

ट्रॅक गाडीसाठी पुढे ४५० ते ५५० आणि मागे ५५० ते ६५० पाउंड प्रति इंच अशी सुरुवात करा. मागची स्प्रिंग जास्त कडक बघून लोक चक्रावतात. ती चाकापासून बरीच आत, आर्मवर बसलेली आहे. तिचं आणि चाकाचं अंतराचं गुणोत्तर ०.७ धरलं तर त्याचा वर्ग ०.४९, म्हणजे चाकाला ६०० मधले ३००सुद्धा जाणवत नाहीत.

कॅम्बर (चाकाचा उभा कल) पुढे उणे ३ ते ३.५ अंश. त्यासाठी कॅम्बर प्लेट लागतातच, मूळ माउंटमधून एवढा मिळत नाही. मागे उणे २ ते २.५. टो (वरून बघता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) पुढे शून्य किंवा एकूण दीड मिमी बाहेर, मागे एकूण २ ते ३ मिमी आत. मागचा टो ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या पेटीच्या बोल्टवर सरकतो. ती पेटी सरकवल्यावर दर वेळी नीट आवळली गेली का ते बघा.

गाडी खाली बसवायची हौस आवरा. पुढचा लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर उचलला जाईल इतकी बसवली तर रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) जमिनीत जातं आणि गाडी उलट जास्त कलते.

शेवटी चार वजनकाट्यांवर, तुमच्या वजनाची पोती सीटवर ठेवून, कर्णाचं वजन (पुढचं एक आणि त्याच्या तिरकं समोरचं मागचं चाक मिळून) ५० टक्क्यांच्या अर्ध्या टक्क्यात आणा. त्याआधी अँटिरोल बारची लिंक एका बाजूला सोडा, नाहीतर बारच वजन ढकलत राहतो आणि आकडा फसवा येतो.

चाकं आणि टायर कोणते?

१७ बाय ८.५ इंच, २४५/४०. पाच बोल्ट, १२० मिमी, मधलं भोक ७२.६. त्यापेक्षा रुंद घ्यायचं तर मडगार्डची कड आत वळवावी लागते. सुरुवातीला २०० ट्रेडवेअरचे (झिजेचा आकडा, जितका कमी तितका टायर मऊ) टायर पुरे. ते पकड सुटण्याआधी किंचाळून सांगतात, स्लिक (खाचा नसलेले रेसिंग टायर) सांगत नाहीत. गरम झाल्यावर ३४ ते ३६ पीएसआय.

मूळ बोल्टांऐवजी स्टड लावले की चाक बदलणं सोपं होतं, पण स्टड हा संपणारा माल आहे. दर एक-दोन हंगामांनी बदला. दर सेशनआधी टॉर्क पान्याने १०० ते ११० न्यूटन-मीटर. हवेचा इम्पॅक्ट फक्त काढताना.

लिमिटेड स्लिप खरंच लागतं का?

ऑटोक्रॉससाठी आणि हळू वळणांच्या ट्रॅकसाठी हो. आतलं मागचं चाक धूर काढत असेल तर लागतंच. ३२८च्या डिफरेन्शियलचं मूळ गुणोत्तर २.९३ आहे. ते ३.२३ किंवा ३.४६चं केलं तर गाडी अंगात आल्यासारखी पळते. इंजिनावर खर्च करण्याआधी हा बदल करा. क्लच पद्धतीच्या डिफरेन्शियलला फ्रिक्शन मॉडिफायर असलेलंच ऑइल घाला.

गिअर चुकला तर इंजिन खरंच जातं का?

तिसऱ्यातून चौथ्याकडे जाताना हात घसरून दुसरा पडला, तर गणित करा. दुसऱ्याचं गुणोत्तर सुमारे २.५, तिसऱ्याचं १.६६. ६५०० आरपीएमवर क्लच सोडला तर इंजिन ९८००च्या आसपास फेकलं जातं. रेव्ह लिमिटर पेट्रोल बंद करू शकतो, चाकांकडून येणारा जोर नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात.

यात हाताइतकाच दोष सैल माउंटचा असतो. वळणात इंजिन-गिअरबॉक्स एका कडेला झुकतात आणि गिअरची जागाच सरकते. माउंट कडक घ्या, शिफ्टरचे बुश बदला. आणि लिव्हर मुठीत आवळू नका, उघड्या तळव्याने ढकला. तिसऱ्यातून चौथ्याकडे सरळ मागे ओढलं की स्प्रिंग त्याला आपसूक मधल्या रांगेत ठेवते.

पॉवर कशी वाढवायची?

३२८वर किंवा ३.२च्या एम३वर एम५०चा इनटेक मॅनिफोल्ड आणि त्याला साजेसं ट्यूनिंग. वरच्या आरपीएमला श्वास मोकळा होतो, खालचा टॉर्क थोडा जातो. त्याआधी कम्प्रेशन बघा, व्हॅक्यूमची गळती शोधा, ऑक्सिजन सेन्सर नवा घाला. कंपनीने दिलेल्या अश्वशक्ती आधी परत मिळवा.

केज, सीट, बेल्ट: कमीत कमी किती?

इथे एक घातक अर्धवटपणा सर्रास दिसतो: मूळ सीट, मूळ छत आणि सहा पट्ट्यांचा हार्नेस. गाडी उलटली आणि छत दबलं तर तीन बिंदूंच्या बेल्टमध्ये शरीर बाजूला झुकतं. हार्नेसमध्ये ते सरळ ताठ राहतं, सगळा भार मानेवर. म्हणून एकतर सगळं मूळ ठेवा, नाहीतर रोल बार, फिक्स सीट, हार्नेस आणि मानेला धरणारा हँस हे सगळं एकदम. मधलं काही नको.

खांद्याचे पट्टे खांद्यापासून मागे आडव्यापासून ० ते २० अंश खाली जायला हवेत. जमिनीला बांधले तर धक्क्यात मणका दाबला जातो. सीटवर एफआयए ८८५५, हार्नेसवर एफआयए ८८५३ किंवा एसएफआयचं लेबल (रेसिंगच्या सुरक्षा मानकांचं) बघा, आणि लेबलावरची मुदतही. तपासनीस पहिलं तेच बघतो. हेल्मेट स्नेल एसए वर्गाचं. मोटरसायकलचं एम वर्गाचं हेल्मेट आगीच्या चाचणीतून गेलेलं नसतं.

या वजनाच्या गाडीला केजसाठी १.७५ इंच बाहेरचा व्यास आणि ०.०९५ इंच जाडीची डीओएम (साच्यातून ओढून काढलेली स्टीलची) नळी सर्रास वापरतात. पण नळी कापण्याआधी तुमच्या संस्थेच्या पुस्तकातला वजनाचा तक्ता बघा. पूर्ण केज असलेली गाडी रस्त्यावर चालवू नका. हेल्मेट नसलेलं डोकं आणि स्टीलची नळी यांच्यात चार बोटांचं अंतर असतं.

किल स्विच दाबूनही इंजिन चालूच राहतं, असं का?

फक्त बॅटरीची तार तोडली म्हणून. अल्टरनेटर स्वतः वीज बनवून इंजिनाला पुरवत राहतो. जास्तीच्या संपर्कांचा स्विच घ्या, म्हणजे एका झटक्यात इग्निशनही तुटतं आणि अल्टरनेटरची वीज रेझिस्टरमधून बॉडीच्या अर्थमध्ये जाते. या गाडीची बॅटरी डिकीत उजवीकडे असल्याने जाड तार जवळच पडते. स्विच बाहेरून हाताला लागेल असा ठेवा.

अर्धी टाकी असूनही वळणात इंजिन अडखळतं.

टाकी मागच्या सीटखाली खोगिराच्या आकाराची आहे, दोन कप्प्यांची. लांब वळणात पेट्रोल पंपापासून दूरच्या कप्प्यात जातं. अर्ध्याच्या वर ठेवून बाहेर पडा. स्पर्धेत वजन वाचवण्यासाठी कमी भरायचं असेल तर छोटी सर्ज टाकी (पंपाला सतत पेट्रोल देणारी जादा टाकी) लावा.

इन्शुरन्स चालतो का?

रस्त्याचा इन्शुरन्स बहुतेक कंपन्या ट्रॅकवर मानत नाहीत. पॉलिसी वाचा. दिवसापुरता ट्रॅकचा वेगळा विमा मिळतो, पण वेळ लावून चाललेल्या स्पर्धेला तोही बऱ्याचदा लागू नसतो.

ही गाडी पुढे भारतात नेता येईल का?

नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगची हवी. ही दोन्हीत नापास.

सोबत काय न्यायचं, आणि दोन सेशनच्या मधे काय बघायचं?

गाडी थंड होत असताना: टायरचा दाब, चाकांचे नट, ऑइल, पॅडची जाडी, ब्रेक ऑइलची पातळी, खाली काही ठिबकतंय का. महत्त्वाच्या प्रत्येक बोल्टवर आवळल्यानंतर रंगाची रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय, पाना लावून बघायची गरज नाही. पॉवर स्टिअरिंगच्या होसच्या क्लिपकडे लक्ष द्या, तिथून गळालेलं ऑइल अल्टरनेटरवर पडतं. चाक उचलून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर पुढचं हब बेअरिंग गेलंय. त्याचा ४६ मिमीचा नट २९० न्यूटन-मीटरचा असतो आणि एकदा काढला की पुन्हा वापरायचा नाही, त्यामुळे नवा हब आणि नवा नट दोन्ही पेटीत हवेत.

पेटीतला बाकी माल: पॅडचा जादा जोड, ब्रेक ऑइल दोन बाटल्या, इंजिन ऑइल तीन लिटर, डिस्टिल्ड पाणी दहा लिटर, बेल्ट, वरचा होस, होस क्लिपा, क्रँक सेन्सर, इंधन पंपाचा रिले, एक पुढची डिस्क, सेफ्टी वायर, झिप टाय, आणि दोन जॅक स्टँड. जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी जायचं नाही, मग सेशन सुटायला दोनच मिनिटं उरलेली असली तरी.